तुमच्या सहीच्या विरुद्ध

प्रिय बाबा,

उद्या अकरा वाजता मला दुर्गच्या कुटुंब न्यायालयात हजर राहायचंय. तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलेला, तुमच्या सहीचा एक कागद कायद्यापुढे टिकत नाही, असं मी तिथे शपथेवर सांगणार आहे. न्यायाधीशांना सांगण्याआधी ते तुमच्या कानावर घालावं, म्हणून आज लिहायला बसले. रविवारची सकाळ आहे. आई स्वयंपाकघरात भाजी निवडतेय आणि ऋचा आतल्या खोलीत शाळेचा नकाशा रंगवतेय.

तुमच्यासमोर मी कधी उलट बोलले नाही. तोंडी तक्रार तर तुम्ही ऐकूनच घ्यायचा नाहीत! "लिहून दे," म्हणायचात, घरातल्या घरातसुद्धा. सातवीत असताना माझ्या खोलीतला पंखा खडखडतो म्हणून मी तुम्हाला खरोखरचा अर्ज केला होता. तुम्ही त्यावर लाल शाईनं "पाहिले" असं लिहून तो परत दिलात. पंखा महिनाभर तसाच खडखडत राहिला. मग हाही अर्जच समजा, फक्त जरा लांबलेला.

कागद कोणता, हे तुम्हाला सांगायला नकोच. माझी सोडचिठ्ठी.

पाच वर्षं झाली त्या दुपारला. मरोद्याच्या क्वार्टरमधली पुढची खोली, सोफ्यावर समाजातले चार जण, खुर्चीवर संदीप, आणि त्याच्या बाजूनं बोलायला त्याचे देवरावकाका, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. मी दाराच्या आत, चार वर्षांच्या ऋचाला मांडीवर घेऊन. आणि मधोमध तुम्ही! स्टील प्लांटच्या हजेरी सांभाळणाऱ्या टाइम ऑफिसात तीस वर्षं हेडक्लार्की केलेला माणूस. सेक्टरमध्ये कुणाची रजा अडो, कुणाचा गेटपास अडो, सगळे तुमच्याकडेच अर्ज लिहून घ्यायला यायचे. मग लेकीचा घटस्फोट तुम्ही दुसऱ्या कुणाच्या हाती कसा देणार?

आता आठवलं की हसू येतं हो बाबा. स्टॅम्प पेपरवर वरती सरकारी हिंदीत काय लिहिलं होतंत तुम्ही? "विषय : वैवाहिक संबंध विच्छेद बाबत्." त्याखाली "संदर्भ : उभय पक्षों की बैठक." मग कंडिका एक, कंडिका दोन. शेवटी डाव्या कोपऱ्यात "प्रतिलिपि" म्हणून तिघांची नावं, एक प्रत त्यांना, एक आपल्याला, एक समाजाच्या फायलीला. माझं लग्न तुम्ही ऑफिसच्या नोटशीटवर संपवलंत! दुसऱ्या दिवशी दुर्गला जाऊन नोटरीचा शिक्का आणलात आणि तो कागद माझ्या हातात ठेवत म्हणालात, "घे, झालं. आता कायची भीती नाही तुले."

आणि मलाही खरंच वाटलं होतं की झालं.

मी माहेरी आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मला नोकरी करायची होती, संदीपला ते नको होतं. भांडून उपयोग झाला नाही तेव्हा त्यानं माझ्या मार्कशीटा, डिग्री, सगळं उचलून देवरावकाकांच्या गार्डाच्या जुन्या लोखंडी पेटीत टाकलं आणि कुलपाची किल्ली खिशात घातली. मारलं नाही त्यानं कधी, तेवढं खरं सांगायला हवं. पण सात महिने तो माझ्याशी बोललाही नाही. "मम्मी को बोल चाय दे," असं चार वर्षांच्या पोरीकरवी सांगायचा. एक दिवस मी ऋचाचं बोट धरलं आणि मोहन नगरहून ऑटोनं सरळ मरोद्याला आले.

तुम्ही दारातच विचारलंत, "तुहे कागद कुठी आहेत?"

काय झालं नाही, कशी आहेस नाही. कागद कुठे! किती चिडले होते मी तुमच्यावर. त्या बैठकीत मग तुम्ही माझे कागद परत मिळवलेत, ऋचा माझ्याकडे राहील हेही लिहून घेतलंत, आणि त्याच्या बदल्यात कंडिका चार लिहून दिलीत. कन्येच्या भरणपोषणासाठी पित्याकडे कधीही कोणतीही मागणी केली जाणार नाही. कंडिका पाचमध्ये, पिता कन्येला भेटणार नाही. लिहून झाल्यावर तुम्ही ताठ बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "माही नात कोणाच्या उपकारावर वाढणार नाही. शब्द आहे माहा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आईनं चहा आणला. मी सही केली. दोष एकट्या तुमचा नाही, मी बी.एस्सी. शिकलेली बाई होते, एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. सुटका झाली ना, मग कशाला खोलात जायचं, असं वाटलं.

त्यानंतर मी प्रत्येक फॉर्मवर बेधडक "घटस्फोटित" लिहीत गेले. ऋचाच्या शाळेचा फॉर्म, रेशन कार्ड, नेहरू नगरच्या कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायला लागले तेव्हाचा फॉर्म. सगळीकडे खोटं, आणि मला पत्ताच नाही. कायद्यानं मी आजही संदीपची बायको आहे, बाबा. आपल्यासारख्यांचा घटस्फोट कोर्टाच्या हुकमाशिवाय होत नाही. समाजाची बैठक आणि नोटरीचा शिक्का यानं लग्न मोडत नाही.

हे कळलं कसं? संदीपला दुसरं लग्न करायचंय. मुलीकडच्यांनी त्याच्याकडे कोर्टाची घटस्फोटाची डिक्री मागितली. यानं तुमची नोटशीट दाखवली, तर त्यांचा वकील म्हणाला की हा कागद घरी ठेवा. मग देवरावकाका आपल्या घरी आले, नवीन टाइप केलेला कागद घेऊन. कोर्टात दोघांच्या संमतीनं घटस्फोट, अटी जुन्याच.

"सही करून दे बाई," काका म्हणाले. "काही नवीन नाही यात. तुह्या बापानं जे मान्य केलं तेच आहे."

"काका, ऋचाचा खर्च तिच्या बापानं काहून करू नये?" मी विचारलं.

"आता हे काय काढून राहिली तू? पाच वर्सं तर काही बोलली नाहीस! तुह्या बापानं चार लोकांत शब्द देला होता. मेलेल्या माणसाचा शब्द मोडतेस का?"

बाबा, खरं सांगते, तुमचं नाव आलं की अजूनही मला उलट बोलता येत नाही. काका उठताना दारात म्हणाले, "नाही करशील तर संदीप पोरगी मागणार आहे. मंग मले दोष देऊ नको."

मी सही केली नाही. काका बोलले तसंच झालं. महिन्याभरात नोटीस आली. मी त्याला सोडून गेले म्हणून त्याला घटस्फोट हवा, आणि ऋचाचा ताबाही हवा. कारण काय दिलंय माहीत आहे? हिंदीतच सांगते, जसंच्या तसं. "नाना की मृत्यु के पश्चात बालिका की देखरेख करने वाला घर में कोई नहीं है." म्हणजे तिची आई, मी, दिवसभर कोचिंगमध्ये, आणि आजोबा वारले. तुमचं जाणं त्यांनी माझ्याविरुद्ध मुद्दा म्हणून लिहिलंय!

शाळेतून स्कूटरवर ऋचाला आणणारे तुम्ही, तिच्या वहीला खाकी कव्हर घालणारे तुम्ही. तुम्ही गेल्यावर आमची तिघींची काय तारांबळ उडाली होती हे आम्हालाच ठाऊक. पण आईनं तो कागद माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला आणि म्हणाली, "मंग मी काय भिंतीवरची घडी आहो का? पोरीले शाळेत कोण नेऊन राहिलं दोन वर्सं?" तेव्हापासून ती रोज मला विचारते, कोर्टात मले बोलू देतील ना? माझ्या वकील मॅडमनी तिचं नाव साक्षीदारांच्या यादीत घातलंय. तिनं त्यासाठी साडीही काढून ठेवलीय.

वकील मॅडम मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ताई, आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. तुमचा हक्क आणि मुलीचा हक्क." माझ्यापुरतं मी काही सोडून देऊ शकते. ऋचाला वाढवण्याचा खर्च बापानं उचलणं हा तिचा हक्क आहे, तो मी किंवा माझ्या वडिलांनी लिहून देऊन संपत नाही. मग मी विचारलं, "आणि ताबा? त्याची नोकरी पक्की, घर स्वतःचं. ते बघतील का?" त्या म्हणाल्या, कोर्ट मुलीचं भलं कशात आहे ते बघतं. ती कुठे रुळलीय, तिला कोण सांभाळतं, तिला काय वाटतं. नऊ वर्षांच्या मुलीला न्यायाधीश स्वतः आत बोलावून विचारूही शकतात. निकाल माझ्याच बाजूनं लागेल अशी खात्री मात्र त्यांनी दिली नाही. ती खात्री मला हवी होती बाबा, खूप हवी होती.

आता जे लिहिणार आहे ते जड जातंय.

नोटिशीला द्यायच्या जवाबाचे कागद टाइप करायला मी कोर्टाच्या आवारात गेले होते. तिथे पत्र्याच्या शेडखाली एक म्हातारे टाइपिस्ट बसतात. माझं माहेरचं आडनाव वाचून त्यांनी चष्मा वर केला. "आप मरोदा वाले बाबूजी की बेटी हैं क्या? वो तो आए थे मेरे पास. पूरा पन्ना दोबारा टाइप करवाए, हाशिया टेढ़ा है करके."

मी विचारलं, काय टाइप करवलं?

"यही तो. तलाक की अर्जी. आपसी सहमति वाली."

घरी येऊन मी तुमचं सगळं कपाट खाली काढलं. गॅस कनेक्शनच्या फायलीत सापडला तो. तुम्ही जाण्याच्या वर्षभर आधीचा, नीट टाइप केलेला अर्ज, समास अगदी सरळ! माझी सही जिथे व्हायची तिथे पेन्सिलीनं बारीक फुली, जशी तुम्ही सगळ्या सेक्टरच्या अर्जांवर करून द्यायचात. आणि मजकुरात कंडिका चार नव्हती. त्या जागी लिहिलं होतं की मुलीचं भरणपोषण न्यायालयानं ठरवावं.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आपला कागद फोल आहे हे तुम्हाला कळलं होतं, शब्द चुकीचा दिला हेही कळलं होतं. दुरुस्तीसुद्धा स्वतःच लिहिलीत. आणि मग ती गॅसच्या फायलीत ठेवून दिलीत! का बाबा? वर्षभर रोज संध्याकाळी माझ्याबरोबर जेवलात तुम्ही. मी तुमच्यासमोर बसून ऋचाच्या फॉर्मवर "घटस्फोटित" लिहिलं, तुम्ही ते पाहिलंत. एकदा तरी म्हणायचं होतं, पोरी, माझं चुकलं.

मी भयंकर रागावले. आठवडाभर तुमच्या फोटोसमोर उदबत्ती लावली नाही. आई पाहत होती, एक दिवस जवळ येऊन बसली. तिला मी सगळं सांगितलं. तिनं तो अर्ज नीट घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "त्यायले कोर्टाची भीती नव्हती. तिथं गेलं की ते लोक पोरगी मागतील, याची भीती होती. अन् चार लोकांत आपला कागद खोटा निघाला म्हणून सांगनं त्यायच्यानं झालं नसतं." थोड्या वेळानं म्हणाली, "पन आता तू झाकू नको. त्यायचं झाकता झाकता तुहं नुकसान होईल."

हे झाकायचं की नाही, हाच प्रश्न होता. समोरचा वकील विचारणार आहे की पाच वर्षं ही बाई गप्प का होती, म्हणजे तिला अटी मान्यच होत्या. वकील मॅडम म्हणाल्या, नुसतं "मला कायदा माहीत नव्हता" एवढं लिहूनही भागेल. पण तुमचा तो न दिलेला अर्ज जोडला तर आपल्या बाजूलाही अटी चुकीच्या वाटल्या होत्या हे दिसेल, माझं म्हणणं पक्कं होईल. फक्त मग देवरावकाकांपासून समाजापर्यंत सगळ्यांना कळेल की बाबूजींना ठाऊक होतं आणि त्यांनी लेकीपासून लपवलं.

तीन दिवस विचार केला. तुमच्या तेराव्याला त्या पुढच्या खोलीत लोक मावत नव्हते. कुणी म्हणत होतं, बाबूजींच्या अर्जानं माझी नोकरी वाचली, कुणी म्हणत होतं, पेन्शन सुरू झाली. त्या सगळ्यांच्या मनातलं तुमचं नाव मी थोडं खाली आणणार. मला ते आवडत नाही. पण एका बाजूला तुमचं नाव आणि दुसऱ्या बाजूला ऋचा, असं असेल तर मला निवडायला वेळ लागायला नको होता. लागला, याचीच लाज वाटते.

अर्ज जोडलाय. काल सही केली.

आणखी एक आहे, ते तुम्हाला मुळीच आवडणार नाही. कंडिका पाच तुम्ही दुरुस्तीतही तशीच ठेवली होती, बापानं पोरीला भेटायचं नाही. मी ती काढलीय. महिन्यातून दोन रविवार त्यानं तिला भेटावं, असं मीच जवाबात लिहायला लावलं. वकील मॅडमसुद्धा जरा चकित झाल्या. संदीप मला नवरा म्हणून नको, कधीच नको. पण तो तिचा बाप आहे आणि ती गेल्या वर्षापासून त्याच्याबद्दल विचारते, तुमच्या भीतीनं पूर्वी विचारत नव्हती एवढंच. तो आला नाही तर तिला वाईट वाटेल. आला तर मला वाईट वाटेल. मी सोसेन ते.

मला भीती वाटत नाही असं समजू नका. उद्याचं सोडा, पुढचे कितीतरी महिने या तारखा चालतील. समुपदेशक बोलावतील, घरी कुणी पाहणीला येईल, क्लासमधून रजा मागावी लागेल, शेजारी विचारतील. ऋचा दुसऱ्या कुणाच्या दारात बॅग घेऊन उभी आहे, असं मध्येच डोळ्यांपुढे येतं. पण मी मागे हटणार नाही. कुणाच्या दबावानं सही करणार नाही. समाजाची बैठक बोलावली तरी जाणार नाही. जे बोलायचं ते कोर्टात बोलेन.

आज सकाळी मी ऋचाला सगळं सांगितलं. नऊ वर्षांच्या मुलीला कळेल तेवढं, पण खोटं काही नाही. ती नकाशावरचा खडू न थांबवता ऐकत होती. मग म्हणाली, "मम्मी, मुझसे भी पूछेंगे क्या, मैं किसके पास रहूँगी?"

"विचारतील कदाचित," मी म्हटलं. "तुला जे वाटतं ते सांग. मला वाईट वाटेल म्हणून काही बदलू नको."

"पापा को भी बुरा नहीं लगना चाहिए," ती म्हणाली. मग जरा वेळानं, मराठीत, "आजोबांनी मले काहून नाही विचारलं?"

मी म्हटलं, तू लहान होतीस, आणि आजोबा घाबरले होते. तिनं खडू खाली ठेवला. "आजोबा? घाबरले?" तिचा विश्वासच बसला नाही. माझाही बसत नव्हता, बाबा. आता बसतोय, आणि त्यामुळे तुमच्यावरचा राग थोडा उतरलाय. पूर्ण उतरलेला नाही, उगाच कशाला खोटं लिहू?

अशा पत्रात शेवटी गेलेल्या माणसाला वचन द्यायचं असतं. मी देणार नाही. यापुढे तिला सांगितल्याशिवाय तिच्याबद्दल मी कुणालाही काही लिहून देणार नाही, आणि माझं चुकलं तर ते तिला माझ्या तोंडून कळेल, कपाटातून नाही. हे वचन मी आज सकाळी ऋचाला देऊन बसलेय. तुम्हाला फक्त कळवतेय.

तुमचीच मुलगी,
वैशाली